हिंगोलीचे ऊन, अम्मीचे इन्सुलिन

उन्हाळ्यात मराठवाड्यात पाहुणा म्हणून जाऊ नये, असे जुनी माणसे सांगतात. पण मुलांच्या शाळांना सुट्ट्या त्याच दिवसांत लागतात आणि खानदानातली लग्नेही तेव्हाच निघतात. त्यामुळे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली हिंगोली, परभणी, नांदेडकडची कुटुंबे एप्रिल-मेमध्येच गावाची वाट धरतात. घरात सगळे धडधाकट असतील तर हे निभावून जाते. घरात वयस्क आणि आजारी माणूस असेल तर त्याला मागे ठेवून जावे लागते, आणि ज्याच्या गावाला जायचे तोच घरी राहतो.

आमच्या घरी चार वर्षे हेच चालले होते. अम्मीचे वय बहात्तर. मधुमेह जुना आहे, आणि सहा वर्षांपासून दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. तिचे माहेर कळमनुरी तालुक्यात, इसापूर धरणाच्या काठावर. आमची मोठी बहीण, म्हणजे आपा, वसमतला दिलेली. मामू, खाला, त्यांची मुले-बाळे सगळी हिंगोली जिल्ह्यात विखुरलेली. दर उन्हाळ्यात आम्ही जाऊन यायचो आणि अम्मी पुण्यात बसून फोनवर सगळ्यांची खुशाली विचारायची.

अडचण इन्सुलिनची होती. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. उघडलेली बाटली बाहेर ठेवली तरी साधारण चार आठवडे चालते, पण तीही तीस अंशांच्या आतल्या गारव्यात. हिंगोलीत एप्रिल संपताना पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून बराच वर. बर्फाच्या डब्यात बाटली बर्फाला चिकटली आणि गोठली तर औषध निकामी होते. ते पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. गावात फ्रीज असतो, पण वादळवारा सुटला की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी ठरवले की अम्मीला न्यायचे, आणि तिच्यासोबत तिचा फ्रीजही न्यायचा. त्याला वीज लागेल ती ज्या उन्हाची भीती वाटते त्याच उन्हातून घ्यायची.

गाडी आणि कायदा

चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याकडे तशी नवी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या अशा गाड्यांसाठी देशात वेगळे मानकही आहे. पण तशी तयार गाडी घेणे आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही. आमच्याकडे होती ती जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, वर सामानाचे कॅरिअर असलेली.

इथे वाचकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. त्यासाठी नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणून पान्याला हात लावण्याआधी आम्ही परिवहन कार्यालयात जाऊन काय चालेल आणि काय चालणार नाही हे विचारून घेतले. आसने, खिडक्या, सांगाडा यांपैकी कशालाच धक्का लावायचा नाही, पत्र्याला भोक पाडायचे नाही, आणि पॅनेल कॅरिअरवर असे बसवायचे की चार नट काढले की ते उतरले पाहिजे, एवढी चौकट आम्ही स्वतःला घालून घेतली. ज्यांना आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असे पक्के बदल करायचे आहेत, त्यांनी मंजुरी हातात आल्याशिवाय सुरुवात करू नये. विम्याचा प्रश्नही त्याच्याशीच बांधलेला असतो.

आधी वही, मग दुकान

सौर सामानाच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो, ‘किती वॉटचे द्यायचे?’ हा प्रश्न दुकानदाराने विचारण्याआधी घरच्या वहीत सुटलेला असावा. आम्ही एका पानावर अम्मीला लागणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे वॉट आणि तास मांडले.

बारा व्होल्टवर चालणारा तीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, चालू असताना सुमारे पन्नास वॉट. कडक उन्हाळ्यात तो दिवसातले निम्मे तास चालतो असे धरले, म्हणजे ६०० वॉट-अवर. छोटा पंखा तीस वॉटचा, आठ तास, म्हणजे २४०. पाच वॉटचे तीन दिवे चार तास, म्हणजे ६०. चार मोबाइल, प्रत्येकी पंधरा, म्हणजे आणखी ६०. एकूण ९६०. विजेच्या बिलावर आपण ज्याला एक युनिट म्हणतो ते हजार वॉट-अवरचे असते. म्हणजे अम्मीची सगळी गरज दिवसाला एका युनिटपेक्षाही थोडी कमी निघाली. पान पाहून अम्मी म्हणाली, “एवढ्यासाठी मी चार वर्षे घरी बसले होते?”

पुढचा हिशेब उन्हाचा. उन्हाळ्यात मराठवाड्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेवढे ऊन पडते ते पूर्ण ताकदीच्या पाच तासांएवढे धरायला हरकत नाही. पॅनेलवर लिहिलेले वॉट मात्र प्रयोगशाळेतले असतात, पंचवीस अंश तापमानातले. तापलेल्या छतावर पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत जाते आणि पंचविसाच्या वरच्या दर अंशामागे त्याची ताकद साधारण एक टक्क्याच्या एकतृतीयांशाहून थोडी जास्त घटते. त्यात धूळ, तारांमधली घट, आडवे बसवल्याने होणारे नुकसान धरा. म्हणून शंभरातले सत्तरच पदरात पडतील असे मानले. ३३५ वॉटचे एक पॅनेल, गुणिले पाच तास, गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ११७०. खर्च ९६०, जमा ११७०. एका पॅनेलवर भागत होते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे १२८० वॉट-अवरची. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी स्वस्त पडली असती. पण तिच्यातली निम्मीच वीज वापरणे हिताचे असते, वजन चौपट, आणि चार्ज होताना तिच्यातून जो वायू निघतो तो माणसे झोपतात त्या बंद जागेत नको. सगळे सामान फ्रीजसह पाऊण लाखाच्या आसपास गेले. ही रक्कम लहान नाही. तिघा भावंडांत वाटली म्हणून पेलली.

छतावरचे काम

काम दोन रविवारांत झाले. आमच्यातला एक जण कारखान्यात वायरमन आहे. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांनी निदान शेवटची जोडणी जाणत्याकडून तपासून घ्यावी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो लाल होतो आणि गाडी पेटू शकते.

पॅनेल सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस किलोंच्या पुढे वजनाचे. कॅरिअरवर अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन पट्ट्या आडव्या टाकून त्यांवर ते बसवले. पॅनेल आणि छत यांच्यामध्ये चार बोटांची फट ठेवली, म्हणजे खालून वारा खेळतो, पॅनेल कमी तापते आणि छतालाही सावली मिळते. नट साधे न वापरता आत नायलॉनची कडी असलेले वापरले. गाडीच्या हादऱ्याने साधा नट सैल होतो, आणि महामार्गावर सैल झालेले पॅनेल मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर गाडी थांबवून सगळे नट पुन्हा आवळले आणि पुढे रोज सकाळी हात लावून पाहिले.

पॅनेलला स्विच नसतो. त्याच्यावर ऊन पडले की तारेच्या टोकाला वीज हजर. म्हणून जोडणी होईपर्यंत त्यावर जाड गोधडी टाकून ठेवली. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी पद्धतीचा, तीस अँपिअरचा घेतला. मोठ्या पॅनेलचा दाब अडतीस व्होल्टच्या आसपास असतो आणि बॅटरीला तेरा-चौदा लागतात. हा कंट्रोलर जास्तीचा दाब वाया न घालवता त्याचे अँपिअर करून देतो. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल सोडवायचे, मग बॅटरी.

तारेचा हिशेब बहुतेक ठिकाणी सोडून दिला जातो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. छतावरून खाली येणाऱ्या तारेत दाब जास्त आणि प्रवाह नऊ अँपिअरच्या आसपास असतो. पाच मीटर अंतराला चार चौरस मिलीमीटरची तांब्याची तार लावली तर घट एका टक्क्याएवढीच होते. पण कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाताना प्रवाह पंचवीस अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. तेच पाच मीटर अंतर अडीच चौरस मिलीमीटरच्या तारेने जोडले, तर जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच तार तापवण्यात जातात. तेरा व्होल्टमधून एवढे गेल्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर ठेवला आणि मधली तार जाड घेतली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर चाळीस अँपिअरचा फ्यूज बसवला. पॅनेलच्या वाटेत डीसी विजेसाठी बनवलेला एमसीबी लावला. घरातला एसीचा इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी एकदा धरली की सहज सुटत नाही.

एवढ्याने घर चाकांवर आले. आत दोन आसनांवर अंथरूण, मागे शेगडी आणि पाण्याचे कॅन, अम्मीच्या पायाशी फ्रीज. फ्रीजमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला, आणि बाटल्या कापडात गुंडाळून डब्यात घातल्या, म्हणजे त्या थंड भिंतीला चिकटणार नाहीत. आधाराला दोन मडकीही घेतली: मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, वर ओले फडके. फ्रीज बंद पडलाच तर उघडलेली बाटली काही दिवस सांभाळायला हा जुना उपाय अजून उपयोगी आहे, हे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले.

औंढ्याची सावली

जालना, मंठा, जिंतूर करत आम्ही औंढा नागनाथला पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. औंढा म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. यात्रेकरूंची गर्दी बारमाही. याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनातल्या दोन बाहू, आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्याचे काम. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जमिनीची थरथर अतिशय कमी असलेली जागा हवी होती, म्हणून देशभर शोध घेऊन ही जागा निवडली. मुलांना हे सांगितल्यावर ती बराच वेळ जमिनीला कान लावून बसली होती.

औंढ्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर थांबलो आणि पहिला पेच पडला. बांधावर डेरेदार कडुनिंब होता. अम्मीला सावली हवी, पॅनेलला ऊन. अर्ध्या फांदीची सावली पडली तर पॅनेलची वीज अर्ध्या फांदीएवढीच कमी होते असे नाही. आतले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतला एक मणी अंधारात गेला की पॅनेलचा एकतृतीयांश भाग बसतो, कधी त्याहून जास्त.

तोडगा असा निघाला. गाडी उन्हात, माणसे सावलीत. आणि लांब तारेने फ्रीजही बाहेर काढून निंबाखाली ठेवला. गाडी आतून भट्टी झाली होती. तिच्यात ठेवला असता तर बिचारा थांबलाच नसता. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तो अम्मीच्या खाटेशेजारी घुरघुरत राहिला. सकाळी दहा ते दुपारी तीन हा नेम आम्ही पुढे सगळीकडे पाळला.

हिंगोलीचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या थोडा पुढे आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. म्हणून उन्हाळ्यात छतावर आडवे झोपवलेले पॅनेल काही गमावत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो आणि आडव्या पॅनेलला भरदुपारीही पाऊणपटीहून थोडे कमी ऊन मिळते.

अम्मीने मॉनिटरवरचे आकडे वाचायची स्वतःची पद्धत काढली. फजरला शून्य. चाश्तला सहा-सात अँपिअर. जोहरच्या अजानच्या आसपास सगळ्यात जास्त, एकोणीस-वीस. असरला चार-पाच. मगरिबला पुन्हा शून्य. दोन दिवसांत तिला घड्याळ पाहावे लागत नव्हते आणि आम्हाला मॉनिटर.

वसमतची हळद

वसमतला आपाकडे चार दिवस राहिलो. हळदीचा हंगाम आटोपत आला होता. काढलेली हळद उकडतात आणि मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून वाळवतात. शिवारात जिकडे पाहावे तिकडे पिवळ्या पट्ट्या. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि इथे हळद संशोधन केंद्रही मंजूर झाले आहे. एका बाजूला ऊन हळद वाळवत होते आणि दुसऱ्या बाजूला तेच ऊन विहिरीवरची पंपाची पॅनेले चालवत होते. २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आणली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा, आणि जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो.

भाऊजींच्या शेजारच्या शेतकऱ्याने आमच्या गाडीकडे पाहून विचारले, “भाऊ, काच कधी पुसता?” आम्ही दुपारी थांबलो की पुसायचो. ते म्हणाले, “दुपारी नका पुसू. काच तापलेली असते, गार पाण्याने तडकायची. फटफटताना पुसायची, दवात. पाणीही कमी लागतं.” हळदीची आणि रस्त्याची धूळ एकत्र बसली की पाण्याने निघत नाही, मऊ फडक्यानेच निघते, हेही त्यांनीच दाखवले. रात्रपाळीच्या विजेसाठी रात्री दोनला उठून विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जाणे आता सुटले, असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मान हलवली. पंपाचे सगळ्यात मोठे सुख त्यांना तेच वाटत होते.

तिथून हिंगोलीला आलो. निजामाच्या राज्यात हिंगोली लष्करी ठाणे होते, वऱ्हाडच्या सरहद्दीवरचे. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहेत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, पण पेन्शनपुऱ्यात पेन्शन घेणारा शिपाई आता कोणी उरला नाही. आमचे जुने घर तिथेच होते. आता ते दुसऱ्याचे आहे. अम्मीने गाडी क्षणभर थांबवायला सांगितली, खिडकीतून पाहिले, आणि “चला” म्हणाली.

इसापूरचे दोन दिवस

इसापूर धरण पैनगंगेवर आहे, एका बाजूला कळमनुरी, दुसऱ्या बाजूला यवतमाळचा पुसद. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडले आणि काठची गावे वर सरकली. अम्मीचे बालपणीचे गाव त्या पाण्यात आहे. नवे गावठाण उंचावर, सरळ रेघेतल्या घरांचे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाकडे जाणारी वाट काही अंतर उघडी पडते आणि मग पाण्यात शिरते.

आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी वारे सुटले, विजा कडाडल्या आणि अवकाळी पाऊस कोसळला. गावाबाहेर विजेचे खांब वाकले. रात्रीची गेलेली वीज सकाळी आली नाही, आणि दिवसभर आभाळ भरलेले राहिले. आमची बॅटरी संध्याकाळी नव्वद टक्क्यांवर होती.

सकाळी मामूंच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आले. सगळे गाव त्यांना मास्टरसाब म्हणते. त्यांच्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची तीन पेने होती. घरचा फ्रीज बंद पडून बारा तास झाले होते. त्यांच्या मागोमाग गल्लीतल्या एका भाभी आपल्या सासूचे औषध घेऊन आल्या. आणि अर्ध्या तासात मोबाइल घेऊन मुले जमली. कोणाचा भाऊ दुबईत, कोणाची मुलगी बाळंतपणाला टेकलेली, सगळ्यांनाच फोन सुरू हवा.

आम्ही वही काढली. ढगाळ दिवशी पॅनेल बंद पडत नाही. उजेडावर थोडे चालतेच. कंट्रोलर चाळीस-पन्नास वॉट दाखवत होता. दिवसभरात तीनशे वॉट-अवर मिळतील असे धरले. हवा गार झाल्याने फ्रीजही कमी चालत होता, चोवीस तासांत चारशेच्या आसपास. म्हणजे नुसता फ्रीज चालवला तर रोज शंभराचाच खड्डा. पंखा लावला तर त्यात २४० ची भर. फोन प्रत्येकी पंधरा.

हिशेब ऐकून अम्मीने निकाल दिला, “आधी औषध. मग फोन. आपला पंखा सगळ्यात शेवटी.” पंखा काढून ठेवला. रोज आठ फोन, ज्यांची गरज मोठी ते आधी, असे मामूंनी ठरवले आणि कोणी तक्रार केली नाही. फ्रीजमधून पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि तिथे तीन घरांची औषधे राहिली. झाकण दिवसातून चारदाच उघडायचे, अम्मीच्या हाताने. थर्मामीटर पाच अंशांवर टिकून होता.

दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी सत्तर टक्क्यांवर आली. तिसऱ्या संध्याकाळी पन्नासच्या खाली. त्या रात्री आम्ही दिवे लवकर मालवले आणि मडक्यांमधली वाळू ओली करून ठेवली, पण तिची गरज पडली नाही. सकाळी मॉनिटर पस्तीस दाखवत होता आणि इसापूरच्या पाण्यावरून ऊन वर येत होते. चाश्तला सात अँपिअर. दुपारी वायरमन खांबावर चढला आणि असरच्या सुमारास गावात वीज आली. मास्टरसाबांची तिन्ही पेने त्यांच्या घरी परत गेली.

तीन दिवसांसाठी आलेली अम्मी माहेरी नऊ दिवस राहिली. रोज सकाळी नातवंडांना घेऊन उघड्या पडलेल्या वाटेने पाण्यापर्यंत जायची आणि कोणाचे घर कुठे होते ते बोटाने दाखवायची.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मास्टरसाब वही-पेन घेऊन आले. त्यांना गाडीचे काम नव्हते. घरात औषधापुरता छोटा फ्रीज आणि दिवे चालावेत, एवढेच हवे होते. आम्ही सोबत बसून मांडणी केली. घराच्या सावलीत फ्रीजला दिवसाला ४५०, दिव्यांना ६०, एकूण ५१०. भागिले पाच तास, भागिले ०.७, म्हणजे १४६. बाजारात त्याच्या पुढचे १६५ वॉटचे पॅनेल मिळते. उन्हाशिवाय दोन दिवस काढायचे तर १,०२० लागतील, म्हणजे आमच्याएवढीच बॅटरी पुरेल. मास्टरसाबांनी बेरीज दोनदा तपासली आणि विचारले, “हे झाले उन्हाळ्याचे. जुलै-ऑगस्टात काय?”

पावसाळ्यात ऊन निम्मेच धरावे, असे आम्ही सांगितले. त्यांनी चष्मा सारखा केला, १६५ खोडले आणि त्याच्या जागी ३३५ लिहिले.